आम्ही, तुम्ही आणि आपण

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

कवितेचा कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी एक वाक्य मला हमखास ऐकायला मिळतं. कोणीतरी प्रेमाने जवळ येतं, हात हातात घेतं आणि म्हणतं, ‘‘वा! तुमचं मराठी किती छान आहे हो!’’ म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. मीही ‘धन्यवाद’ म्हणतो आणि बिस्किट चहात बुडवतो. पण परतीच्या बसमध्ये ते वाक्य खुपत राहतं. माझा जन्म वर्धा जिल्ह्यातल्या वडनेरचा, तालुका हिंगणघाट. शाळा मराठी, बी. ए. मराठी घेऊन केलं, आणि मराठीत कविता लिहायला लागून तीस वर्षं होऊन गेली. मंचावर माझ्या शेजारी बसलेल्या देशमुख आडनावाच्या कवीला त्याच्या मराठीबद्दल कोणी शाबासकी देत नाही. ती परक्याला देतात.

एकदा अशाच एका कार्यक्रमाला एक परदेशी बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्या मराठीत चार वाक्यं बोलल्या. त्यातली दोन चुकली, पण सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. मीही केला, मनापासून केला. नंतर माझी कविता झाली, तेव्हा सूत्रसंचालक म्हणाले, ‘‘आणि हेही किती सुंदर मराठी बोलतात बघा!’’ त्या ‘हेही’मधला ‘ही’ मला लागला. पण त्याच दिवसापासून एक नाद लागला. परकी भाषा बोलायला माणूस शिकतो कसा, त्याला कोण शिकवतं, आणि आपल्या भागात हे कधीपासून चालत आलं आहे, हे मी जमेल तसं वाचू लागलो. मी काही भाषाशास्त्रज्ञ नाही. पण या विषयात आमच्या नागपूर-वर्ध्याचा वाटा मला वाटला होता त्याहून फार मोठा निघाला.

माझी स्वतःची पहिली शाळा म्हणजे अब्बांचं पंक्चरचं दुकान. वडनेर हायवेवरचं गाव. नागपूरहून हैदराबादला जाणारा हा रस्ता, तेव्हा त्याचा नंबर सात होता, आता चव्वेचाळीस झाला. दिवसरात्र ट्रक. पंजाबचे, आंध्राचे, तमिळनाडूचे. घरात आम्ही बोलायचो ती विदर्भातल्या मुसलमानांची उर्दू, जिला लखनौचा माणूस उर्दू म्हणायला बिचकेल. अंगणाबाहेर पाऊल टाकलं की वऱ्हाडी वळणाची मराठी: काहून, मले, तुले, जाऊन राह्यलो. शाळेत गुरुजींची पुस्तकातली मराठी. आणि दुकानावर काय कानावर पडेल ते.

एक दिवस एक तेलुगू ड्रायव्हर उतरला आणि चाकाकडे बोट दाखवून ‘गाली, गाली’ म्हणू लागला. दुकानातला पोरगा तापला. सकाळी सकाळी हा गिऱ्हाईक शिवी काय मागतो? हातातली टामी घेऊन तो पुढे झाला. अब्बांनी त्याला मागे ओढलं आणि हवेचा पाइप लावला. तेलुगूत हवेला ‘गाली’ म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं. अब्बा चौथी शिकलेले. पण त्यांना तेलुगू, पंजाबी आणि थोडी तमिळ कामापुरती बोलता यायची, आणि शिकवायची त्यांची रीत साधी होती: माणूस बोलतो तेव्हा आधी त्याचं बोट कुठे आहे ते बघायचं, मग तोंडाकडे, आणि पुन्हा तो आला की त्याचाच शब्द त्याला ऐकवायचा. चुकला तर तो हसतो, आणि हसला की सांगतो.

आता दोनशे वर्षं मागे जाऊ. १८०३ साली इंग्रजांशी झालेल्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. त्या वर्षीच्या डिसेंबरात देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. आमचं वडनेर नदीच्या अलीकडचं, म्हणून ते नागपूरकडे राहिलं. १८०४च्या आरंभी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नागपूरला रेसिडेंट म्हणून आले. कंपनीला आता मराठी मुलुखाशी रोजचं काम पडणार होतं आणि त्यासाठी मराठी बोलणारे साहेब हवे होते.

साहेब तयार करण्याचा कारखाना होता कलकत्त्याला. लॉर्ड वेलस्लीने १८०० साली तिथे फोर्ट विल्यम कॉलेज काढलं होतं. तिथे बंगाली शिकवायला १८०१ साली विल्यम केरी आला आणि पुढे मराठीही त्याच्याकडेच आली. केरी हा इंग्लंडातला मोची. जोडे शिवता शिवता भाषा शिकलेला, पुढे मिशनरी होऊन बंगालात येऊन राहिलेला. महाराष्ट्रात तो राहिलेला नव्हता. तरीही १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून त्याने मराठी भाषेचं व्याकरण छापलं, इंग्रजीतून लिहिलेलं. १८१० साली कोश आला, तोही मोडी अक्षरांत छापलेला.

मग त्याला मराठी आली कुठून? त्याच्याजवळ एक पंडित होता, वैजनाथशास्त्री. हा नागपूरकडचा माणूस. सिंहासन बत्तिशी १८१४ साली आणि हितोपदेश १८१५ साली मराठीत छापून निघाले ते या वैजनाथाच्या हातचे. म्हणजे मराठी छापखान्याच्या अगदी सुरुवातीच्या काळात, हुगळीच्या काठी, जी मराठी साहेबांच्या कानावर आणि कागदावर गेली तिच्यावर आमच्या नागपूरकडची छाया होती. पुढे मुंबई-पुण्याकडच्या लोकांना श्रीरामपूरची मराठी खटकली, ती आपली वाटेना. मला हे वाचून फार बरं वाटलं. शाळेत ‘मले’ म्हटल्यावर ज्यांच्या कानाला गुरुजींची बोटं लागली आहेत, त्यांना माझं म्हणणं कळेल.

त्या व्याकरणाच्या नावातच एक गोष्ट आहे. व्याकरणासोबत रोजच्या विषयांवरचे संवाद जोडले आहेत, असं मुखपृष्ठावरच छापलं होतं. विभक्ती आणि काळ घोकून माणूस बोलू लागत नाही, त्याला बोलणं ऐकायला लागतं, हे केरीला उमगलं होतं. बंगालीत तर त्याने १८०१ सालीच संवादांचं स्वतंत्र पुस्तक काढलं होतं. त्यात मजूर आहेत, कोळी आहेत, सावकार आणि कुळं आहेत, आणि बायकांची भांडणंसुद्धा आहेत. बायकांचं भांडण कळलं म्हणजे भाषा कळली, असं आमची अम्मी म्हणायची. तिला केरी आवडला असता.

त्याच कॉलेजात हिंदुस्तानी शिकवायला जॉन गिलख्रिस्ट नावाचा डॉक्टर होता. दिल्लीच्या मीर अम्मनने ‘बाग-ओ-बहार’ लिहिली ती त्याच्याच सांगण्यावरून, १८०२-०३च्या सुमारास. चार दरवेशांची जुनी गोष्ट, पण लोक बोलतात त्या भाषेत मांडलेली. उर्दू गद्यातलं हे मानाचं पुस्तक. आमच्या घरी त्याची एक फाटकी प्रत होती. परदेशी पोरांना बोलायला शिकवण्यासाठी केलेलं ते पाठ्यपुस्तक होतं, हे मला चाळिशीत कळलं! परक्याला शिकवताना आपली भाषा आपल्यालाच नव्याने ऐकू येते, म्हणून मीर अम्मनचं गद्य इतकं स्वच्छ उतरलं असेल काय? मला तसं वाटतं खरं.

पण या शिकवणीची दुसरी बाजू आहे, आणि ती लपवून चालणार नाही. गिलख्रिस्ट आणि त्याच्या मागून आलेल्यांची साहेबांसाठीची बोलण्याची पुस्तकं चाळली की आज्ञार्थ फार दिसतो. आण, ने, उचल, गप बस, घोडा लाव, पंखा ओढ. बर्नार्ड कोन या अमेरिकन अभ्यासकाने १९८५ साली या विषयावर एक गाजलेला निबंध लिहिला. इंग्रजांनी हिंदुस्थानच्या भाषा मिळवल्या त्या हुकूम चालवण्यासाठी, असा त्याचा रोख आहे. शिकवणारा मुन्शी किंवा पंडित हा शिकणाऱ्याचा पगारी माणूस होता. शिष्य खुर्चीवर आणि गुरू अदबीने समोर. साहेबाने नोकराला ‘तू’ म्हटलं ते व्याकरणात बरोबरच होतं. साहेबाने वयाने मोठ्या कारकुनालाही ‘तू’ म्हटलं, तर ते चूक आहे असं त्याला कोण सांगणार? महिन्याचा पगार तर त्याच्याच हातात. माझा कयास असा की अशा कित्येक चुका दुरुस्त न होता इंग्लंडला परत गेल्या.

सगळेच तसे नव्हते. मोल्सवर्थचं उदाहरण घ्या. जेम्स मोल्सवर्थ पोरवयात कंपनीच्या फौजेत आला. त्याने कँडी बंधू आणि आपले पंडित यांच्यासह मराठी-इंग्रजी कोश रचला. १८३१च्या पहिल्या आवृत्तीत चाळीस हजारांच्या आसपास शब्द होते आणि १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास. या कोशात नुसती पोथीतली मराठी नाही. म्हणी आहेत, शेतकऱ्यांचे शब्द आहेत, चारचौघांत उच्चारू नयेत असेही पुष्कळ आहेत. आणि प्रत्येक शब्दापुढे एखादं अक्षर असतं: हा संस्कृतातून आलेला, हा अरबीतून, हा फारसीतून, हा हिंदुस्तानीतून. बी. ए.ला असताना हिंगणघाटला हा कोश पहिल्यांदा उघडला तेव्हा मी संध्याकाळपर्यंत तेच करत बसलो. कागद, शाई, दौत, वकील, जमीन, हवा, शिपाई, बाजार, गरज, मजूर. आमच्या घरातले निम्मे शब्द एका परदेशी शिपायाने मराठी म्हणून नोंदवून ठेवले होते, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी, कोणाचीही शिफारस न मागता.

नागपूरला स्टीफन हिस्लॉप आला १८४५ साली. स्कॉटिश मिशनरी, मराठी शिकलेला. त्याचं नाव आज कॉलेजमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने गोंडांकडे बसून त्यांचे शब्द आणि लिंगोची लांबलचक गाथा उतरवून घेतली. तो गेल्यावर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी ते कागद छापले. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची दगडांची जुनी वर्तुळं बघून परतताना बोरीजवळच्या पुरात हिस्लॉप वाहून गेला. नागपूर-वर्धा रस्त्याने जाताना बोरी येतं, तेव्हा मला त्याची आठवण येते. सगळं ऐकून लिहून ठेवणारा हा माणूस होता, त्यामुळे त्याचे कागद जास्त बोलतात.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. या गोष्टीला खरं वळण मिळालं ते वर्ध्यात.

गांधीजी १९३४ साली वर्ध्याला मगनवाडीत राहायला आले आणि ३० एप्रिल १९३६ला शेगावला गेले. हेच पुढचं सेवाग्राम. त्यांच्याआधी तिथे जाऊन राहिली होती मीराबेन, ब्रिटिश आरमारातल्या अधिकाऱ्याची मुलगी मॅडलिन स्लेड. १९२५च्या नोव्हेंबरात ती साबरमतीला आली, तेव्हापासून गांधीजींनी तिच्यामागे हिंदीचा लकडा लावला. हिंदी शिकायला तिला दिल्लीच्या कन्या गुरुकुलातही पाठवलं. आणि एवढी हिंदी शिकून ती येऊन बसली कुठे, तर आधी सिंदीत आणि मग शेगावात, जिथल्या बाया तिच्याशी बोलणार वऱ्हाडीत! भंगीकाम करणाऱ्या, गावाची घाण उचलणाऱ्या या गोऱ्या बाईला शेगावच्या बाया काय म्हणाल्या असतील, आणि तिला त्यातलं किती कळलं असेल, हे कोणी लिहून ठेवायला हवं होतं. पण एक गोष्ट उघड आहे. साहेबाच्या पुस्तकातला आज्ञार्थ तिच्या उपयोगाचा नव्हता. हुकूम करायला ती आलीच नव्हती.

सेवाग्रामात अशी माणसं पुष्कळ होती. नई तालीमचे आर्यनायकम सिलोनचे, तमिळ बोलणारे. त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. जपानी बौद्ध भिक्खू फुजी गुरुजी १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटले. त्यांचा एक शिष्य आश्रमात राहिला आणि जपानी बौद्ध मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेतच आला. महायुद्धात जपान उतरल्यावर, १९४१च्या डिसेंबरात, त्या भिक्खूला सरकारने पकडून नेलं. मंत्र मात्र प्रार्थनेत राहिला. शेगावच्या शेतकऱ्यांच्या जिभेवर जपानी उच्चार!

१९३६ सालीच वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. परीक्षा, पुस्तकं, केंद्रं देशभर पसरली. मग वाद उभा राहिला, हिंदी की हिंदुस्तानी? गांधीजींना हवी होती उत्तरेत हिंदू-मुसलमान दोघेही बोलतात ती भाषा, नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत. त्यासाठी १९४२ साली वर्ध्यातच हिंदुस्तानी प्रचार सभा झाली. काका कालेलकर त्यात पुढे होते. १९४५ साली या लिपीच्या प्रश्नावर गांधीजी हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. गंमत बघा, भांडण चाललं ते बहुतेक लिपीवरून. बोलताना लिपी दिसत नाही. बाजारात भाजी घेताना कोणती लिपी बोलतोस, असं कोणी विचारत नाही. आमची अम्मी उर्दू लिपी वाचायची आणि मला नागरी येते, पण जेवायला हाक तिने एकाच भाषेत मारली.

वर्ध्याच्या या सगळ्या कागदांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी नोंद. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हेच झाकिर हुसेन पुढे राष्ट्रपती झाले. या समितीने जो अभ्यासक्रम आखला त्यात मातृभाषेची उद्दिष्टं दिली आहेत, आणि त्यात सर्वांत आधी वाचन नाही, लेखन नाही. आधी येतं ते बोलणं: मुलाला आपल्या भोवतालच्या वस्तूंबद्दल, माणसांबद्दल, घटनांबद्दल मोकळेपणाने, सहज, न घाबरता बोलता आलं पाहिजे. आजही आमच्या शाळांत बोलण्याला मार्क किती आणि शुद्धलेखनाला किती, हे पालकांनी एकदा विचारून बघावं.

परदेशात यावर रीतसर विचार झाला तो युद्धाच्या गरजेतून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला आपल्या शिपायांना घाईने जगभरच्या भाषा बोलायला शिकवायच्या होत्या. १९४२ साली लेनर्ड ब्लूमफिल्ड या भाषाशास्त्रज्ञाने त्यासाठी छोटी पुस्तिका लिहिली. त्याचं सांगणं असं: ज्याची ती मातृभाषा आहे त्याला समोर बसवा, त्याला व्याकरण विचारू नका, त्याला बोलू द्या, तुम्ही ऐका आणि तसंच म्हणा. हे वाचून मला अब्बांचं दुकान आठवलं. ब्लूमफिल्डला टायर काढता येत नसावा, एवढाच फरक.

मराठीपुरतं बोलायचं तर ही रीत पक्की बसवली फलटणला. मॅक्सिन बर्नसन ही अमेरिकन बाई १९६१ साली हैदराबादला शिकवायला आली आणि १९६६ साली फलटणला. तिने पीएच. डी. केली ती फलटणमध्ये कोण कशी मराठी बोलतं यावर. वाड्यातली मराठी, पेठेतली मराठी, वस्तीतली मराठी. जाई निंबकर यांच्यासोबत तिने परदेशी विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं केली. मराठीचं संदर्भ व्याकरण १९७५चं आणि सघन अभ्यासक्रम १९८२चा. जाई निंबकर म्हणजे इरावती कर्व्यांची मुलगी, स्वतः कादंबरीकार. पुण्यात आणि फलटणमध्ये शिकायला येणाऱ्या अमेरिकन मुलांच्या हातांत वर्षानुवर्षं हीच पुस्तकं असत. मॅक्सिनबाई १९७८ साली भारताच्या नागरिक झाल्या आणि मग फलटणच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्यात त्यांनी आयुष्य घातलं. कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यातून उभी राहिली. परक्यांना मराठी बोलायला शिकवणारी बाई मराठी मुलांना मराठी वाचायला शिकवू लागली!

कासेगावच्या गेल ऑम्वेट अशाच. मिनियापोलिसमध्ये जन्म, ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध, १९८३ साली भारताचं नागरिकत्व, २०२१च्या ऑगस्टमध्ये कासेगावलाच शेवट. त्या खेड्यांतल्या सभांत मराठीत बोलत. बोलण्याला अमेरिकन वळण होतं, पण म्हणून बायकांना त्यांचं म्हणणं परकं वाटलं नाही.

परक्याला मराठी बोलायला शिकवताना नेमकं काय अवघड जातं? ‘ळ’ अवघड जातो असं सगळे सांगतात. पण तो आमच्याकडच्या कितीतरी लोकांना जमत नाही, ते डोळ्याला डोया म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही. खरी अडचण च आणि ज यांची. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहिताना एकच, बोलताना दोन. पुस्तक इथे मुकं होतं. मग ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’. मी तोच, पण क्रियापद बदलतं ते आंब्या-पोळीकडे बघून. पण या सगळ्याहून अवघड आहे ती सर्वनामांची जोडी: आम्ही आणि आपण. इंग्रजीत एकच ‘वुई’. छापील हिंदीत एकच ‘हम’. मराठीत मात्र तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं की समोरच्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं. ‘आम्ही जेवलो’ म्हटलं तर तुम्ही राहिलात. ‘आपण जेवू’ म्हटलं तर तुमचंही ताट मांडलं.

ही सोय मराठीला दक्षिणेच्या भाषांकडून मिळाली असावी, असं भाषेचे अभ्यासक मानतात. तेलुगूत ‘मनम’ आणि ‘मेमु’ असे दोन शब्द आहेत. अब्बांच्या दुकानावर एक ड्रायव्हर क्लीनरला ‘मनम पोदाम’ म्हणून हाक मारायचा, चल, आपण जाऊ. आणि आमच्या घरच्या उर्दूत ‘हम’ आहेच, पण ‘अपन’ही आहे. अम्मी म्हणायची, ‘अपन ईद के बाद जाएँगे’. लखनौच्या माणसाला यात खोट दिसेल. मला त्यात वडनेर दिसतं.

१९७५च्या जानेवारीत नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं. तेव्हा मागणी झाली आणि १९९७ साली वर्ध्याला महात्मा गांधींच्या नावाचं आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ आलं. टेकडीवरच्या त्या विद्यापीठात परदेशी मुलं-मुली हिंदी शिकायला येतात. वर्गात हिंदी आणि टेकडी उतरली की वऱ्हाडी. त्यांची तारांबळ मी बसस्टँडवर पाहिली आहे. अशीच एक चिनी मुलगी एका कवी मित्राच्या ओळखीने माझ्याकडे आली. म्हणाली, मला बाजारात बोलायचं आहे, मराठी शिकवा. पैसे घेणार नाही, पण शिकवणी चहाच्या टपरीवर होईल, असं मी सांगितलं. चार-पाच रविवार आम्ही वर्ध्याच्या बसस्टँडजवळच्या टपरीवर बसलो. तिच्याजवळ एक वही होती, तिच्यात चिनी अक्षरांत मराठी उच्चार लिहिलेले. मी व्याकरण सांगितलं नाही. मला ते परक्याला सांगण्याइतकं येतही नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी तिने धीर करून टपरीवाल्याला सांगितलं, ‘‘काका, आम्ही चहा घेऊ.’’

टपरीवाला गाळणी हातात धरून थांबला. ‘‘ताई, आम्ही म्हनलं म्हंजे या भाऊले सोडून. थे काय तसेच बसतीन का? आपन म्हना, आपन.’’

मी तिला उलगडून सांगायला सुरुवात केली, तर ती मध्येच हसायला लागली. म्हणाली, आमच्याकडे, उत्तरेत, बीजिंगकडे, हेच आहे. ‘वोमन’ म्हणजे आम्ही आणि ‘झान्मन’ म्हणजे आपण. पुस्तकात दोन्हींसमोर एकच इंग्रजी शब्द दिला होता म्हणून ती फसली होती. वहीत तिने ‘आपण’समोर दोन चिनी अक्षरं काढली आणि खाली दोनदा रेघ मारली. मग टपरीवाल्याकडे वळून एकेक अक्षर तोडून म्हणाली, ‘‘काका, आपण चहा घेऊ.’’

‘‘आता झालं,’’ तो म्हणाला, आणि दोनऐवजी तीन कप भरले.

चहा देताना त्याने मला विचारलं, ‘‘तुमी कुठचे, भाऊ?’’ मी गाव सांगितलं. नाव विचारलं, तेही सांगितलं. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. या थांबण्याची मला सवय आहे, आता मराठीची शाबासकी येणार म्हणून मी तयारच होतो.

‘‘वडनेर म्हंजे हायवेवरचं?’’ तो म्हणाला. ‘‘मी आंधी ट्रकवर क्लीनर होतो. थ्या वळनावर एक पंक्चरचं दुकान होतं. म्हतारा तेलुगू बोले.’’

‘‘होतं,’’ मी म्हटलं.